एकुलत्या वंशातला दुसरा पुरुष

१

जिच्यावर अत्याचार झाला तीच मुलगी आरोपीला सोडवा म्हणून प्रयोगशाळेच्या दारात येऊन बसली, असं रेणुका सोनकांबळेच्या आजवरच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. डीएनए विभागात बाहेरच्या माणसाला भेटायची परवानगी नसते. रेणुका खाली उतरली ती दोन वाक्यांत तिची बोळवण करायला. पण कुतूहल हा रेणुकाचा जुना आजार, आणि समोरची मुलगी अजिबात रडत नव्हती. ती रागावलेली होती.

"मी सुजाता," ती म्हणाली. "बरकतपुऱ्यात हुमनाबादकर वकिलांच्या ऑफिसात ज्युनियर आहे. तुमच्या रिपोर्टने अजय सर तुरुंगात गेलेत. तो माणूस ते नव्हते."

प्रकरण रेणुकाला पाठ होतं. एप्रिलातली संध्याकाळ. वरच्या मजल्यावर हुमनाबादकरांचं घर, खाली त्यांचं ऑफिस. करंट गेला आणि फायलींच्या खोलीत कुणीतरी मागून आलं. तो एक अक्षर बोलला नाही, चेहरा दिसला नाही. सुजाताने हाताला लागेल तिथे ओरबाडलं. दुसऱ्या दिवशी ती पोलिसांत गेली. डॉक्टरांनी स्वॅब घेतले, नखांखालचं काढून पाठवलं, आणि ते सगळं रेणुकाच्या टेबलावर आलं.

"चेहरा दिसला नाही म्हणता, मग ते नव्हते हे कसं सांगता?"

"मी चार वर्षं त्यांच्याकडे काम करते, मॅडम. जिन्यावर पाऊल वाजलं की कोण उतरतंय ते मला कळतं. तो माणूस वेगळा होता. हे मी पहिल्याच दिवशी स्टेशनमध्ये सांगितलं. तेव्हा लिहून घेतलं. मग तुमचा रिपोर्ट आला, आणि आता सगळे म्हणतात की साहेबांनी पोरीला फिरवलं. माझ्याच नखांनी मला खोटं पाडलं. अजय सरांचं त्यांचे वकील बघतील. माझं काय? मी रोज त्याच रस्त्याने जाते. तो माणूस मला बघत असणार. मला मात्र तो कोण ते माहीत नाही."

रेणुका शिस्तीत बोलली. "रिपोर्टमध्ये अजय असं लिहिलेलंच नाही. अजय किंवा त्यांच्या बापाकडच्या वंशातला कुणीही पुरुष, असं लिहिलंय."

"ते मी वाचलं," सुजाता म्हणाली. "पण त्यांच्या वंशात दुसरा पुरुष उरलेलाच नाही."

२

अशा नमुन्यात बाईच्या डीएनएचा पूर असतो आणि पुरुषाचा एखादा थेंब. नेहमीच्या चाचणीत तो थेंब दिसतच नाही. म्हणून मग फक्त पुरुषात असणारं वाय गुणसूत्र शोधायचं. ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं उतरतं, आडनावासारखं. नवख्या पोलिसांना रेणुका हेच उदाहरण द्यायची आणि वर हसून सांगायची, आडनाव बदलता येतं, हे नाही.

तिने इन्स्पेक्टर स्वरूपांना फोन लावला. स्वरूपा वरंगळच्या, पण बोलायच्या चोख हैदराबादी.

"क्या मॅडम! केस होगया बोलके मैं स्टेशन में सबको मिठाई खिलाई, अब आप नक्को बोलरे?"

"नक्को नाही म्हणत. त्या घरात त्या संध्याकाळी पुरुष किती होते?"

तीन होते. अजय गच्चीवर फोनवर बोलत होता. कारकून प्रमोद मेणबत्त्या आणायला गेला होता. तिसरा समीर कल्याणीकर, अजयचा मावसभाऊ, करंट जायच्या आधीच निघालो असं सांगणारा. नमुने दोघांचेच घेतले होते. प्रमोदचा जुळला नाही, अजयचा तंतोतंत जुळला.

"समीरचा का नाही घेतला?"

"मैं आपकूच पूछी थी ना!" स्वरूपा उसळल्या. "आप बोले, मावशीका बेटा है, उसका वाय अलग रहता, कायकू फिजूल मेहनत."

रेणुका बोललीच होती तसं, आणि शास्त्राने ते बरोबरच होतं. दोघांच्या आया सख्ख्या बहिणी असल्या तरी बाप दोन, म्हणजे वाय दोन. तिथे काही लपलेलं नव्हतं. पण हुमनाबादकरांच्या घरात तीन पिढ्या एकेकच मुलगा झालेला. पणजोबा, आजोबा, वडील बाळकृष्णराव, अजय. बाळकृष्णराव फेब्रुवारीत वारले. एका ओळीत एकच जिवंत माणूस, आणि मुलगी म्हणते तो नव्हे. कुठलाही शहाणा माणूस म्हणेल, मुलगी चुकते आहे. शहाण्या माणसांत आपली गणना होते याचा रेणुकाला त्या दिवशी पहिल्यांदा वैताग आला.

वाय गुणसूत्रावर काही जागा उनाड असतात, पिढीगणिक बदलतात. कधीकधी बाप आणि मुलगा, भाऊ आणि भाऊ त्यांवरून वेगळे ओळखू येतात. नेहमीच्या तपासणीत त्या नसतात. थोडा नमुना शिल्लक होता. विभागप्रमुखांच्या मागे लागून रेणुकाने परवानगी मिळवली, चाचणी केली, आणि निकालावर विश्वास बसेना म्हणून पुन्हा केली.

दोन्ही वेळा तेच आलं. दोन जागा अजयशी जुळत नव्हत्या.

"तो अजय नाही," तिने स्वरूपांना सांगितलं. "पण त्याच्या फार जवळचा आहे. लांबचा असता तर याहून जास्त फरक पडला असता. बाप, काका किंवा भाऊ."

पलीकडून स्वरूपा सावकाश म्हणाल्या, "बाप मर गया. काका पैदाच नै हुआ. भाई हैच नै. तो फिर कौन आया मॅडम, भूत?"

३

भुताचा वाय तपासायची सोय नव्हती, म्हणून दोघी बरकतपुऱ्याला गेल्या. तपासाला जाणं रेणुकाचं काम नव्हे. "शास्त्रीय मदत बोलके ले जारी मैं आपकू," असं म्हणून स्वरूपांनी तो प्रश्न मिटवला.

इंदुमतीबाईंनी दार उघडलं. सत्तरीच्या, ताठ, पांढऱ्या सुती साडीतल्या. मुलगा तुरुंगात आणि पोलीस दारात, तरी त्यांनी आधी कॉफी विचारली.

स्वरूपांना मराठी कळायचं, बोलता यायचं नाही. प्रश्न रेणुकानेच विचारले, आणि पहिलाच प्रश्न अवघड जागेवरचा होता. बाळकृष्णरावांचं बाहेर कुठे दुसरं घर होतं का?

इंदुमतीबाई चक्क हसल्या. "ह्यांचं? कोर्ट, फायली आणि स्नानसंध्या, यापलीकडे ह्यांना चौथी गोष्ट माहीत नव्हती हो. दुसरी बाई सांभाळायची तर तिच्याशी बोलावं लागतं. माझ्याशी बोलायलाच ह्यांना वेळ नव्हता."

"म्हणजे अजय एकुलते."

"एकुलता एक," त्या म्हणाल्या आणि पदर सारखा केला.

तेवढ्यात जिन्यावरून एक धिप्पाड, हसतमुख माणूस औषधांची पिशवी घेऊन वर आला. चाळिशी नुकतीच ओलांडलेली. पिशवी ठेवून त्याने पाहुण्यांना नमस्कार केला. "मी समीर. काका गेल्यापासून मावशीची औषधं माझ्याकडे. अजयचं काही होतंय का हो? बिचारा सडतोय तिथे." मग तो आपण होऊनच म्हणाला, "मीही होतो की त्या दिवशी इथे. माझं रक्त घ्यायला मी तयार होतो. पण मॅडमनी सांगितलं म्हणे की उपयोग नाही, मी पडलो मावशीकडचा."

"हो, मीच सांगितलं," रेणुका म्हणाली.

"शास्त्र म्हणजे शास्त्र," समीर मान डोलावून म्हणाला.

इंदुमतीबाई एकदम उठल्या आणि कॉफीचे कप उचलून आत गेल्या. स्वरूपांच्या कपात अजून निम्मी कॉफी होती.

४

तुरुंगात अजयने दाढी वाढवली होती. दोन जागा जुळत नाहीत हे कळल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने पहिला प्रश्न विचारला तो सुजाताबद्दल. ती कामावर येते का? कुणी तिला त्रास देतंय का?

रेणुकाने कॉफीच्या कपांपासून एक तर्क मनात धरला होता. घराण्याचा एखादा लपलेला मुलगा असेल, तर बाप गेल्यावर तो कसा ना कसा आला असणार. मागे उभा राहिला असेल, लांबून बघून गेला असेल. बाप मेला की माणसाला घरी बसवत नाही.

"बाबा गेले तेव्हा कोण कोण आलं होतं? कुणी अनोळखी माणूस? फार रडणारा?"

अजयने आठवून पाहिलं. "बाबांसाठी रडणारं कुणी नव्हतं. सगळे त्यांना घाबरायचे. आले ते बार कौन्सिलवाले, गल्लीतले आणि आमची नात्यातली चार डोकी. अनोळखी एकही नाही."

"नात्यातलं कोण राबलं?"

"समीरदादा. सगळं त्यानेच केलं. मला काही सुधरतच नव्हतं. माझ्याबरोबर तो सुतकसुद्धा पाळून बसला, तीन दिवस. माझ्याशेजारी चटई टाकून झोपायचा. त्याच्या मुलीचं बारसं त्याच आठवड्यात होतं, तेही पुढे ढकललं. मी म्हटलं, अरे, तुला काय गरज? तर आईच त्याच्यावर ओरडली. म्हणाली, तीन दिवस झाल्याशिवाय घरी जायचं नाही. आई अशा बाबतीत फार कडक."

रेणुकाने ऐकलं आणि सोडून दिलं. सोनकांबळ्यांच्या घरी आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच सोयरसुतक उंबऱ्याबाहेर गेलं होतं. एक दिवस काय नि तीन दिवस काय, तिच्या लेखी सारखंच. परत येताना गाडीत ती मावशीची माया या विषयावर स्वरूपांशी बोलली, इतकं तिला ते साधं वाटलं.

५

काचीगुड्याला घरी तिचे वडील तातेराव आणि त्यांचे मित्र भगवंतराव बुद्धिबळ मांडून बसले होते. तातेराव रेल्वेतून निवृत्त झालेले, भगवंतराव चिक्कडपल्लीतले निवृत्त संस्कृत मास्तर. एक पक्के बौद्ध, दुसरे पंचांग उशाशी घेऊन झोपणारे. दोघं रोज भांडायचे आणि रोज भेटायचे.

रेणुकाने नावं न घेता सहज म्हटलं, "काका, आजकाल माणसं प्रेमापोटी मावशीच्या नवऱ्याचंही तीन दिवस सुतक पाळतात."

"कोण मूर्ख?" भगवंतरावांनी घोडा हातातच धरला. "अगं, सुतक काय प्रेमावर असतं? त्याचा हिशेब असतो. मावशीच्या नवऱ्याचं फार तर आंघोळ करून मोकळं व्हायचं. तीन दिवस कुठून काढले?"

"काढले असतील हौसेने," तातेराव म्हणाले. "तुमच्यात हौसच फार."

"घरातल्या बाईनेच त्याला बसवलं," रेणुका म्हणाली. "ती फार कडक आहे म्हणे."

"मग तर अशक्य! कडक बाई कमी नाही करणार आणि जास्तही नाही करणार. तिचा काहीतरी आधार असणार." भगवंतराव आता पटावरून पूर्ण उठले होते. मास्तरांना प्रश्न सापडला की ते असेच उठायचे. "तीन दिवस लागतात ते सासरी गेलेल्या लेकीला, आईबापांचे. लेकीच्या मुलाला लागतात, आजोबांचे. तो गेलेला माणूस याचा आजोबा होता का?"

"नाही. मावशीचा नवरा."

"आणि हा काही सासरी गेलेला नाही," तातेराव म्हणाले.

"मग एकच उरतं," भगवंतराव म्हणाले. "दत्तक गेलेला मुलगा. गोत्र बदललं, आडनाव बदललं, म्हणून दहा दिवस लागत नाहीत. पण जन्म दिलेल्या बापाचे तीन दिवस त्याला चुकत नाहीत."

रेणुकाला तिचंच वाक्य आठवलं. आडनाव बदलता येतं, हे नाही. किती जणांना तिने हे हसून सांगितलं होतं! आणि स्वतःच आडनाव बघून माणूस वगळून टाकला होता. समीर मावशीकडचा नव्हताच. तो मावशीकडे दिलेला होता.

६

या वेळी इंदुमतीबाईंनी कॉफी विचारली नाही. रेणुकाच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं.

"समीर किती दिवसांचा असताना दिलात?" रेणुकाने विचारलं.

नाकारतील, चिडतील, वकिलाला बोलावतील, अशी स्वरूपांची तयारी होती. इंदुमतीबाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "बाराव्या दिवशी. बारसं माझ्या बहिणीच्या मांडीवर झालं. कमलच्या पोटी मूल राहत नव्हतं, ती वेडी व्हायला आली होती. मला काय, दुसरा होईल म्हणाले हे. झालाही. पण द्यायचं म्हणजे पुरतं द्यायचं. पुन्हा माझा म्हणायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. अजयला ठाऊक नाही. समीरला त्याच्या लग्नात कमलने सांगितलं."

"आणि तरी सुतक पाळायला लावलंत."

"बाप मेला होता त्याचा!" बाई पहिल्यांदाच ओरडल्या. "जगाला काय सांगायचं ते सांगेन मी. पण गेलेल्या माणसाला फसवू? ह्यांना त्याचे तीन दिवस मिळायलाच हवे होते."

चाळीस वर्षं जपलेलं गुपित त्यांनी त्या तीन दिवसांत उघड्यावर मांडलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. रेणुकाला त्यांची कीव आली. लगेच सुजाता आठवली, आणि कीव मागे हटली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी. जेवायला आला तो मफलर गुंडाळून. एप्रिलात! वाढताना मी वाकले, तेव्हा ओरखडे दिसले. मांजर म्हणाला. मी विश्वास ठेवला. मग पोलीस आले, अजयला नेलं, आणि मला... अजय सुटेल असं वाटत होतं मला. त्याने केलेलंच नाही, मग सुटेलच ना तो."

"आणि नसता सुटला तर?"

"समीरला मी एकदा देऊन टाकलं होतं," त्या म्हणाल्या. "पुन्हा कसं देणार होते?"

स्वरूपांना प्रत्येक शब्द कळला नसेल, पण हे कळलं. त्या उठून खिडकीपाशी गेल्या. रेणुका मात्र जागची हलली नाही. तिला आता राग आला होता, आणि तो तिने लपवला नाही.

"तुम्ही दोन मुलांमध्ये तोलत बसलात, आजी. तुमच्याच घरात, तुमच्या फायलींच्या खोलीत, एक तिसरं मूल होतं. ती खरं बोलत होती, आणि तो माणूस कोण हे या शहरात फक्त दोन माणसांना माहीत होतं. एक तो, आणि एक तुम्ही."

इंदुमतीबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग स्वरूपांकडे वळून त्या हिंदीत म्हणाल्या, "लिख लेव. मैं सब बताती."

७

कोर्टाच्या हुकुमाने समीरचा नमुना आला. नेहमीच्या जागा जुळल्या, त्या दोन उनाड जागाही जुळल्या. नमुना रेणुकाने स्वतः हाताळला नाही, दुसऱ्या सहकाऱ्याला दिला, म्हणजे उद्या कुणाला बोट दाखवायला जागा नको. ओरखडे मिटले होते, पण समीरच्या बायकोनेही मफलरचं सांगितलं, आणि त्यांच्या घरात मांजर नव्हतं. अजय सुटला. घरी जायच्या आधी तो सुजाताच्या वडिलांना भेटून आला.

खटला बंद दाराआड चालला. सुजाताला आरोपी दिसू नये म्हणून मध्ये पडदा लावला होता. समीरचे वकील नावाजलेले होते. शास्त्राला हात घालून उपयोग नाही हे त्यांनी ओळखलं होतं, म्हणून त्यांनी शास्त्रज्ञालाच हात घातला.

"तुमच्या पहिल्या अहवालात नमुना जुळला होता. पोलिसांचं समाधान झालं होतं. तुमच्या वरिष्ठांनी त्यावर सही केली होती. खरं ना?"

"खरं," रेणुका म्हणाली.

"त्या अहवालात चूक होती?"

"नव्हती."

"मग ती चाचणी पुन्हा करायचं शास्त्रीय कारण काय? तुमच्याकडे नवा पुरावा कोणता आला होता?"

"नवा नव्हता. जुनाच होता. ती मुलगी पहिल्या दिवसापासून म्हणत होती की तो माणूस अजय नव्हे. तिचं म्हणणं आणि माझा अहवाल यांचा मेळ बसत नव्हता. दोन्ही खरं असेल तर काय, एवढंच मी तपासलं."

वकील हसले. "म्हणजे एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेचं यंत्र एका बाजूला, अंधारात काहीही न दिसलेली एक घाबरलेली मुलगी दुसऱ्या बाजूला, आणि तुम्ही मुलीचं प्रमाण मानलंत?"

"हो," रेणुका म्हणाली. "तिथे ती होती. माझं यंत्र नव्हतं."

न्यायाधीशबाईंनी टंकलेखकाला हे उत्तर जसंच्या तसं घ्यायला सांगितलं. त्याने ते घेतलं आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवलं. पडद्यापलीकडे सुजाता मोकळेपणाने, आवाज करून रडायला लागली. वकील पुढच्या प्रश्नाला तोंड उघडत होते. न्यायाधीशबाईंनी त्यांना हाताने थांबवलं, आणि तिचं रडणं होईपर्यंत सगळं कोर्ट बसून राहिलं.